दादानं ‘नाही’ म्हटलं नाही

लालबर्ऱ्याला घरी तांदूळ निवडत बसले होते, तेव्हा बालाघाटहून वहिनीचा फोन आला. “बाई, तुमचे दादा उठूनच नाही राह्यले…” दुपारी जेवून आडवा झालेला माझा मोठा भाऊ झोपेतच गेला होता. आता सव्वा महिना होईल.

दादा परसवाड्याच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचा. कायदा कसा मंजूर होतो हे तो वर्गात मतदान घेऊन समजावी आणि हरलेल्या बाजूला शेवटी पुन्हा बोलायला लावी. आम्ही बुद्धाचं नाव घेणारी माणसं. देशानं अणुचाचणी केली तो दिवस नेमका बुद्धपौर्णिमेचा होता. चौकात कुणी पेढा पुढे केला तर दादा हात जोडून म्हणाला, “आज नाही भाऊ, आज आमची पौर्णिमा हाय.” भांडला नाही.

त्याची एकुलती लेक प्रज्ञा परदेशात इंजिनिअर आहे. मागच्या वर्षी तिथल्या संसदेनं मित्रदेशांबरोबरच्या अणुसंरक्षण कराराला मंजुरी दिली. अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्या मिळून बांधायच्या, असं काहीसं. त्यातलं काम प्रज्ञाच्या कंपनीकडे आलं आणि तिला त्यात घ्यायचं ठरलं. तिनं बापाला विचारलं, जाऊ का? दादानं आधी संसदेतली चर्चा मागवली, दुकानातून छापून आणली आणि शब्दकोश घेऊन आठ दिवस वाचली. विरोधात बोललेल्यांची भाषणं दोनदा… मग तिला फोन लावला. मी तिथंच बसले होते.

“त्याईनं वाद घालून, मतं देऊन हौ म्हटलं,” दादा म्हणाला. “मले नाही पटलं. पन तुहं तू ठरव.”

“बाबा, आप बस मना कर दो, मी सोडून देते,” प्रज्ञा रडत होती.

“म्हनूनच मना नाही करत. माह्या शब्दानं सोडशील अन् जिंदगीभर मनात ठेवशील.”

प्रज्ञानं काम घेतलं. दादा त्या दिवशी जेवला नाही. पण कुणी विचारलं, लेक काय करते, की तो सरळ सांगायचा, “अणुपानबुडीवर काम करते. मले पटत नाही. पोरगी माही हाय.” वहिनी चिडायची, लोकायले एवढं काहून सांगता? तो म्हणायचा, “लपवू काहून? तिनं चोरी केली का?” बापलेकीचं बोलणं सुरूच राहिलं… हवा कशी, भाजी काय केली. कामाचं तेवढं कुणी काढायचं नाही.

दादा गेल्यावर प्रज्ञा पोहोचली तोवर अंत्यविधी आटोपला होता. त्याच्या नावानं पुण्यानुमोदनाची वंदना झाली, ती परत गेली.

रविवारी सकाळी ती बापाला फोन करायची. अजूनही त्याच वेळेला करते, त्याच्याच नंबरवर. मी आदल्या दिवशी बालाघाटला वहिनीकडे मुक्कामाला येते आणि त्याच्या खोलीत त्याचा फोन घेऊन बसते. गेल्या रविवारी तिनं विचारलं, “आत्या, बाबा माझ्या कामाबद्दल शेवटी काही बोलले होते का? पटलं होतं का त्यांना?”

हौ म्हणणं फार सोपं होतं. समोर त्याची रिकामी खाट होती.

“नाही बाई,” मी म्हटलं, “नव्हतं पटलं. पन रविवारी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून तो तुह्या फोनची वाट पाहे.”

ती हळूच म्हणाली, “फोन ठेवू नको, आत्या. थोडा वेळ असंच राहू दे.”

मी फोन तसाच चालू त्याच्या उशीवर ठेवला आणि खिडकी उघडली.