दिवाळीत पडणारा भाव

माझ्या साडूने त्या गिरणीचे शेअर घेतले, ते मुंबईला जाताना गाडीच्या खिडकीतून तिची चिमणी दिसली आणि धूर दाट वाटला म्हणून. हे त्याने स्वतःच सासुरवाडीच्या पंगतीत सगळ्यांदेखत सांगितले होते. सगळे हसले. सासरे तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. पुढे भाव चढला, आणि मग सासऱ्यांनीही पेन्शनीतून मागे टाकलेले पैसे त्याच गिरणीत घातले. जावयाच्या शब्दावर. माझ्या नव्हे, त्याच्या.

मी थोरला जावई. ठाण्याच्या कचेरीत कारकून होतो. गावोगावचे जमाबंदीचे तक्ते तपासणे हे माझे काम. साडू कल्याणचा, भाताचा व्यापारी. सासुरवाडी त्याच्या वखारीपासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे तो येता-जाता तिथे डोकावे आणि मी सणावारी जाई. त्याच्या पाटाभोवतीची रांगोळी माझ्या पाटाभोवतीच्या रांगोळीपेक्षा मोठी असते, असे मला वाटे. बायकोला एकदा तसे म्हटले, तर ती म्हणाली, "मोजून पाहिलीत का?" मी मोजली होती. सारखीच होती. तरी माझे समाधान झाले नव्हते.

एका वर्षी गौरी-गणपतीत सासऱ्यांनी आम्हा दोघांना ओटीवर बसवून घेतले. धाकट्या मेव्हणीचे लग्न मार्गशीर्षात ठरले होते. खर्च शेअर विकून करायचा होता. दुसरी पुंजी घरात नव्हती. प्रश्न एवढाच होता की विकायचे कधी.

"घाई कशाला, मामा?" साडू म्हणाला. "लग्नाच्या तोंडावर विकू. अजून चढेल."

"कशावरून?" मी विचारले.

"मला वाटतं."

सासऱ्यांनी मान डोलावली. ते मान डोलावणे मला आजही आठवते. मी म्हणालो, "मामा, दलालाच्या चिठ्ठ्या आहेत ना? त्या मला द्या. मागचे भाव नीट मांडून पाहतो आणि मग सांगतो."

दलाल गुजराती. शेअर घेतल्यापासून तो महिन्याला एक चिठ्ठी धाडी. तीवर महिना, संवत आणि भाव, इतकेच. सासऱ्यांना मोतीबिंदू होता. ते चिठ्ठी कोणाकडून तरी वाचून घेत आणि भिंतीवरच्या तारेत खोचून ठेवत. दोन वर्षांच्या चिठ्ठ्या तिथे होत्या. चालू वर्षाच्या मात्र नव्हत्या, कारण आता साडूच मुंबईहून भाव तोंडी आणत असे, म्हणून दलालाने चिठ्ठ्या पाठवणे बंद केले होते. तोंडी भाव मी जमेस धरले नाहीत.

तारेसकट घेऊन ठाण्याला आलो आणि मी चिठ्ठ्या तारेवरून काढल्या. तार गंजली होती आणि कागदांना डाग पडत होते. संवताप्रमाणे दोन गठ्ठे केले, प्रत्येक गठ्ठा महिन्यांच्या क्रमाने लावला आणि तक्ता उतरवला. उतरवता उतरवता माझा हात थांबला. भाव चैत्रापासून हळूहळू चढत अश्विनापर्यंत जाई, आणि कार्तिकात एकदम खाली कोसळे. मग पुढच्या चैत्रात तितक्याच जोराने उसळी घेई आणि त्या वर्षीच्या कार्तिकात पुन्हा कोसळे. दोन्ही वर्षी तेच. मी सगळे आकडे चिठ्ठ्यांशी पुन्हा ताडून पाहिले. एकही चुकला नव्हता.

कारणही लगेच सुचले. दिवाळीला व्यापारी जुन्या वह्या मिटवतात, देणी भागवतात, त्यांना रोकड लागते. म्हणून शेअर विकायला काढत असणार आणि भाव पडत असणार. कारण इतके चपखल होते की मला ते दुसऱ्या कोणाकडून कळले असते तर मी त्याला शाबासकी दिली असती. साडू त्या बाजारात वर्षानुवर्षे हिंडत होता आणि त्याला याचा पत्ता नव्हता. त्या आठवड्यात मी घरी सगळ्यांशी फार गोड बोललो, असे बायको म्हणे.

दसऱ्याला आम्ही कल्याणला गेलो. सासऱ्यांना कागदावरचा तक्ता दिसणार नव्हता, म्हणून मी धाकट्या मेव्हणीला ओटीवर रांगोळीचे ठिपके घालायला सांगितले. आडवा एकेक ठिपका म्हणजे एकेक महिना, उभा एकेक ठिपका म्हणजे दहा रुपये. मी भाव सांगत गेलो, ती ठिपके जोडत गेली. तिचा हात फार सफाईचा होता. आपल्याच लग्नाच्या पैशांची रेघ आपण ओढतो आहोत हे तिला ठाऊक होते. ओटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ गेली. वर चढणारी, धाडकन पडणारी, मग एकदम उसळून पुन्हा चढणारी आणि पुन्हा पडणारी. सासऱ्यांनाही ती दिसली.

"दर दिवाळीला पडतो," मी म्हणालो. "आता विकावे. पैसे लग्नाला ठेवावेत. उरले तर माघात स्वस्तात परत घेता येतील."

साडू रेघेकडे पाहत उभा राहिला. "थोरल्यांनी बाकी मेहनत घेतली आहे," एवढेच तो म्हणाला. सासऱ्यांनी दलालाला पत्र लिहायला मलाच सांगितले. मी दौत-टाक मागवले.

इतक्यात सासूबाई माजघराच्या दारातून म्हणाल्या, "दिवाळीला पडला होता का हो भाव? मागच्याच्या मागच्या दिवाळीला तर तुम्ही भाव चढला म्हणून पेढे आणले होते."

"आणले होते खरे," सासरे म्हणाले.

"सासूबाई, पेढ्यांवरून हिशेब करता येत नाही," मी म्हणालो.

"नथीतला मोतीही तेव्हाच बसवला," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न पाहता आत गेल्या.

सासरे काठी टेकत रेघेच्या सुरुवातीला आले आणि पहिल्या ठिपक्यावर त्यांनी काठी ठेवली. "जावईबुवा, ही पहिली चिठ्ठी कोणत्या महिन्याची?"

"चैत्राची."

"ते कसं होईल? मी शेअर घेतले तेव्हा ओटीवर दिवाळीच्या पणत्या होत्या. पहिली चिठ्ठी भाऊबीज झाल्यावर आली. मी तारेत खोचली तेव्हा तार नवी होती."

साडूने खाली वाकून माझ्या हातातल्या चिठ्ठ्या घेतल्या. दोन-तीन उलटल्या आणि मोठ्याने हसला. "अहो हिशेबनीस! हा संवत दलालाचा की तुमच्या कचेरीचा?"

त्याने पुढे काही सांगायच्या आधीच मला कळले. गुजराती व्यापाऱ्यांचे वर्ष कार्तिकात सुरू होते आणि आसोत, म्हणजे आपल्या अश्विनात, संपते. त्यांच्या संवतात कार्तिक पहिला, चैत्र त्याच्या नंतर. मी मात्र प्रत्येक वर्षाचा गठ्ठा आपल्या रीतीने, चैत्र वर ठेवून, लावला होता. प्रत्येक वर्षाचा मागचा भाग पुढे आणि पुढचा भाग मागे गेला होता. दिवाळीत भाव पडत नव्हता. दिवाळीत फक्त माझे कागद उलटे होत होते.

हे मला माहीत नव्हते असे नाही. कल्याणात पोराबाळांना माहीत असते. पण हाताला वर्षानुवर्षे चैत्रापासून लावायची सवय, आणि चिठ्ठ्या तारेवर होत्या त्याच क्रमाने बरोबर होत्या, हे माझ्या मनातही आले नाही.

"त्यांचं वर्ष दिवाळीला लागतं हे आमच्या वखारीतल्या बैलालाही ठाऊक आहे!" साडू म्हणाला. "त्याला त्या दिवशी गूळ मिळतो ना."

सगळे हसले. माझी बायकोही हसली. मग पदर तोंडाला लावून गप्प झाली, पण हसली हे मी पाहिले.

धाकट्या मेव्हणीने तळहाताने रेघ पुसली, ठिपके तसेच ठेवले आणि म्हणाली, "भावजी, आता कार्तिकापासून सांगा." मी सांगत गेलो. या वेळी रेघ ओटीच्या एका टोकाहून निघाली आणि कुठे न कोसळता, थोडी हेलकावत, दुसऱ्या टोकापर्यंत चढत गेली. पत्र लिहायचे राहिले. दौत तशीच परत गेली.

सासऱ्यांनी लग्नाच्या आधी पंधरवडाभर शेअर विकले. लागले तेवढेच. दसऱ्याच्या भावापेक्षा भाव बराच वर होता, आणि दिवाळी तर मध्ये होऊन गेली होती. लग्न यथासांग झाले. मेव्हणीच्या अंगावर ठरल्याप्रमाणे सगळे दागिने पडले, आणि शिवाय एक गोठ, जो ठरलेला नव्हता.

इथे मी थांबलो असतो, पण साडू थांबला नव्हता. दसऱ्याच्या दिवशी सगळे जेवायला आत गेल्यावर तो एकटाच ओटीवर त्या रेघेपाशी राहिला होता. मी हात धुवायला बाहेर आलो तेव्हा तो म्हणाला, "थोरले, दोन वर्षांत एकही मोठा खड्डा नाही. मी हे असं कधी पाहिलंच नव्हतं. मला वाटायचं, चढतोय. पण असा चढतोय हे नव्हतं माहीत." दिवाळीआधीच तो मुंबईला जाऊन आला, आणि नव्या भाताचा आगाऊ आलेला पैसा त्याने त्या गिरणीत घातला.

मी घातला नाही. दोन वर्षांच्या भावांवरून पुढच्या वर्षाचे सांगता येत नाही, असे माझे मत होते. आजही आहे, आणि ते बरोबर आहे. लग्नात त्याच्या डोक्यावर नवी लाल पगडी होती. वरपक्षाच्या मंडळींत बसून तो सांगत होता, "हे सगळं आमच्या थोरल्या भाऊंच्या रांगोळीवर घेतलं बरं का. त्यांच्यासारखा हिशेब जिल्ह्यात कोणी करत नाही." ते लोक वळून माझ्याकडे आदराने पाहू लागले. मी मान लववली. त्याने माझी चेष्टा केली असती तर मला सोपे गेले असते.

तेव्हापासून मी दलालाला लिहून चिठ्ठ्या पुन्हा सुरू करवल्या. त्या आता माझ्याकडे येतात, आणि कार्तिकापासून लावलेला तक्ता मी दर महिन्याला पुढे नेतो. सासऱ्यांचे उरलेले शेअर त्याच गिरणीत आहेत, तेव्हा भाव चढावा असेच मला वाटायला हवे.

मुंबईला जायचे झाले की मी गाडीत गिरणीच्या बाजूच्या खिडकीशी बसतो. धूर पातळ दिसला तर बरे वाटते. मग ठाण्याला परत येतो, महिन्याची चिठ्ठी आलेली असते, आणि भाव चढलेलाच असतो.