सुंदरबाईची पातळ फाइल

झुलाल रागावला की ओरडत नाही, कपाटांची दारं आपटतो. त्या सोमवारी ग्रंथालयातली अकराही कपाटं आपटून झाली, तेव्हा खालच्या मजल्यावरून ग्रंथपाल दिपमाला मॅडम धावत वर आल्या.

यावलचा हा माणूस सव्वीस वर्षं विद्यापीठात खानदेशातल्या नामवंतांच्या फायली सांभाळतोय. रोज सकाळी वर्तमानपत्रं, कात्री आणि खळ. कुणी गेलं की फाइलवर लाल शाईनं तारीख घालायची, तेही त्यानंच. आता वरून फर्मान आलं होतं: जागा नाही, दहापेक्षा कमी कात्रणं असलेल्या फायली रद्दीत. यादीवर झुलालची सही हवी.

"कात्रणं कमी म्हणजे माणूस कमी का?" तो दातओठ खात म्हणाला. "त्या माजी सभापतींचे चार गठ्ठे आहेत. उघडून बघा मॅडम. नुसत्या वाढदिवसाच्या जाहिराती, त्यांनीच छापून आणलेल्या! त्या राहणार, आणि ही जाणार?"

ही म्हणजे साक्रीकडची सुंदरबाई. डोंगरातल्या पाड्यांवर चाळीस वर्षं बाळंतपणं केलेली सुईण. फाइलीत एकच कात्रण, चार ओळींचं.

बोलता बोलता झुलालला एक जुनी गोष्ट आठवली. आठ वर्षांपूर्वी सुंदरबाईची मुलगी रत्ना एसटीनं आली होती. पिशवीतून तिनं एक वही काढली. आई सांगायची, ती लिहायची. कुठला पाडा, कुणाच्या घरी, मुलगा की मुलगी. नऊशेच्या वर जन्म! आणि झुलालनं काय केलं? पहिलं पान उघडलं, मिटलं आणि नियमावर बोट ठेवलं. "ताई, इथं फक्त छापील लागतं. पेपरात आलं की आणा." आपण फार चोख काम करतो, असं वाटलं होतं त्याला तेव्हा. आज त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून धुळ्यावरून तो साक्रीला गेला. रत्ना अंगणात शेंगा निवडत होती. तिनं त्याला लगेच ओळखलं.

"आते कसाले उनात भाऊ?" आता कशाला आलात, असं तिनं विचारलं. "तुम्हीच सांगं व्हतं ना, छापेल नही म्हनीसन? माय गयी, तवय तिना संगेच जाळी टाकी ती वही."

पाणी मात्र तिनं दिलं. तांब्या तसाच ठेवून तो उठला; वही आईच्या चितेतच जळाली होती.

बुधवारी यादी टेबलावर होतीच. झुलालनं सुंदरबाईच्या नावापुढं लाल शाईनं लिहिलं: 'ही फाइल पातळ आहे, कारण हिची वही मी परत पाठवली. ती रद्दीत जाणार नाही.' खाली सही ठोकली. काय करायचं ते करा म्हणावं!

मग त्यानं कोरा कागद घेतला. सव्वीस वर्षांत फाइलीत लागणारा हा पहिलाच हातानं लिहिलेला कागद. वहीतली पहिली नोंद त्याला पाठ होती. वरचा पाडा, ओढ्याला पूर, मुलगी, दोघी सुखरूप. एवढं लिहून त्याचा हात थांबला. पुढचं पान त्यानं उलटलंच नव्हतं.