गाईच्या नजरेआड

मी निघाले तेव्हा आई म्हशीखाली बसलेली होती. ती उठलीच नाही. उठली असती तर म्हशीनं पान्हा चोरला असता, आणि दुसऱ्या कुणाच्या हाताला ती म्हैस दाद देत नव्हती. गोठ्याच्या दारात मी नवी नवरी उभी, बाहेर गाडीत ट्रंक चढवलेली, आणि आई माझ्याकडे पाठ करून धार काढतेय. "नीट राहा. ऊठसूट रडू नकोस, तिथं बघायला कुणाला वेळ नसतो," एवढंच ती म्हणाली. बादलीतला आवाज थांबला नाही. निपाणीहून बेळगावची मोटार सुटली तेव्हा लक्षात आलं, निघताना आईचं तोंड पाहायचं राहूनच गेलं.

तुमच्यातले जे गावी राहिले त्यांना वाटायचं, बेंगळूर म्हणजे थंड हवा आणि फुलं. तेही खरंच. पण हे कारखान्यात फिटर, आठवड्याला पाळी बदलायची. आमच्या चाळीत तमिळ, तेलुगू, मल्याळी. सगळी चांगली माणसं, पण दारं लावून घेणारी. माझी शाळा पाचवीत सुटलेली, त्यामुळे शिकलेल्या बायकांपुढे तोंड उघडायची भीती वाटायची. माझ्याशी रोज बोलणारी एकच, मुनियक्का. बेळ्ळंदूरच्या तळ्याकडून ती सकाळी गाय घेऊन यायची आणि दारासमोर धार काढून द्यायची, म्हणजे पाण्याचा संशय नको. माझं सीमेवरचं कन्नड ऐकून ती म्हणायची, तू बोलतेस की भांडतेस? मला ती 'तंगी' म्हणे, म्हणजे धाकटी बहीण. हे हसायचे. म्हणायचे, महिनाअखेरीला बाईनं अगदी बरोबर नाव ठेवलंय.

मागच्या ओळीत एक पंजाबी म्हातारी होती, बीजी. फाळणीत सगळं सोडून आलेली, मुलगा कारखान्यात साहेब. तिनं मला पनीर शिकवलं. दूध नासू नये म्हणून आपण जिवाचा आटापिटा करणार, आणि ही बाई उकळत्या दुधात मुद्दाम लिंबू पिळतेय! पहिल्यांदा मी तोंडच फिरवलं. मग सवय झाली. फडक्यात बांधायचं, टांगायचं, निथळलं की पाट्याखाली दाबायचं. उत्तरेकडच्या साहेबांच्या घरून मागणी यायला लागली, मग अधिकाऱ्यांच्या मेसमधूनही. बीजीचे गुडघे गेले तेव्हा तिनं सगळी गिऱ्हाइकं माझ्या हवाली केली. हे तिचे उपकार मी विसरणार नाही. बेंगळूरच्या लोकांना मात्र पनीराची ओळख नव्हती. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला नमुना दाखवला तर त्यानं अंगठ्यानं दाबून विचारलं, कपड्याचा साबण की अंगाचा?

दूध मुनियक्काचंच घ्यायची. दोघांच्या घरात एवढं दूध कशाला, असं ती विचारायची आणि मी काहीतरी पुटपुटायची. एकदा ती पाणी मागायला आत आली आणि टांगलेलं फडकं पाहिलं. खालच्या पातेल्यात हिरवट पाणी ठिबकत होतं. तिनं विचारलं, मी खरं ते सांगितलं. तिनं बाहेर जाऊन गाईच्या कपाळावर हात ठेवला आणि दोरी ओढून चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी गाय माझ्या दारावरून पुढे गेली. तिच्याकडे समजूत अशी की दूध मुद्दाम फोडलं तर गाईची कास आटते. वेडी म्हणावी तरी कशी? माझी आई हेच म्हणाली असती. दुसरीकडचं दूध पातळ, पनीर धरेना, भुगा व्हायचा. पण खरं सांगू का, पनीराचं मला एवढं नव्हतं. सकाळी घंटेचा आवाज समोरच्या दारी थांबायचा आणि मी खिडकीआड उभी राहायची. दिवसभरात माझा आवाज मलाच ऐकू येत नसे. शेवटी ठरवलं, पनीर सोडायचं. बीजीला काय तोंड दाखवू या विचारानं जेवण जाईना, पण ठरवलं.

तेच सांगायला पहाटे दारात जाऊन उभी राहिले. मुनियक्का आली, पण गाय नव्हती. कडेवर दुधाची चरवी. गाय मागच्या वळणावर करंजाच्या झाडाला बांधून आली होती.

"तू दुधाचं काय करतेस ते तुझं तुला," ती म्हणाली. "तिला कशाला कळायला हवं? पण आता धार तुझ्यासमोर निघणार नाही. स्वल्प पाणी दिसलं तर ओरडायचं नाही."

मी 'सरी' म्हणाले, म्हणजे बरं.

एरवी तिच्या हातात दोरी असायची, गाय ओढ घ्यायची, ती उभ्या उभ्याच बोलून निघायची. त्या दिवशी हात रिकामे. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि माझ्या पायरीवर पाय पसरून बसली. इतक्या दिवसांत माझ्या दारी बसलेलं ते पहिलं माणूस. मी कॉफी टाकली. तिनं विचारलं, तुमच्याकडे गूळ घालतात का? गावी आपण गुळाचाच चहा प्यायचो. पण मी पटकन म्हणाले, "नाही, आमच्याकडे साखर."

पुढे कित्येक वर्षं ती तशीच येत राहिली. आता ती नाही. तिची गाय चरायची तिथं उंच इमारती झाल्यात आणि पनीर पाकिटातून मिळतं. मी गावी येते तेव्हा अजून तोंडातून निघून जातं, आमच्याकडे असं नसतं हो. मग वहिनी टोमणा मारते, "आमच्याकडे म्हणजे कुठं गं?"

मी म्हणते, मुनियक्का बसायची तिथं. तिला ते काय कळणार!