उपाशी लेकरांचा अन्नदाता

डोक्याला फेटा, हातात माईक, समोर भरलेलं सभागृह, अशा थाटात स्वतःचं हसं करून घेतलेला माणूस तुम्ही अजून पाहिला नसेल, तर आज बघून घ्या. समोरच बसलोय. चहा उकळेपर्यंत सगळं सांगून टाकतो.

सावेडीत आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर ओंकार नावाचा मुलगा खोली घेऊन राहतो. कर्जतचा, अकरावीला. शेजारच्या बिल्डिंगमधली अल्फिया त्याच्याच वर्गात. दोघं मिळून बाजरीच्या पिठाची पाकिटं विकतात, एवढंच मला माहीत होतं. एका रविवारी संध्याकाळी ही जोडगोळी माझ्या दारात उभी.

"काका, एक काम हुतं," ओंकार म्हणाला. "रविवारी रात्री मेस बंद आसती. रूमवर गॅस न्हाई. तुमच्याकडं भाकरी करू का? पीठ आमचं हाय."

"आणि भांडी आम्ही घासू," अल्फिया म्हणाली.

आता सांगा, कोण नाही म्हणेल? सुषमा, माझी बायको, जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. आमच्या गॅसवर फक्त चहा व्हायचा. बाकीचं टोस्ट आणि खारीवर भागायचं. म्हटलं, करा बाबांनो, कुणीतरी चार घास खाल्ले म्हणजे झालं.

"काका, परात कुठंय?"

परात खिळ्याला होती, सुषमानं अडकवलेली, तशीच. मी वरची धूळ पुसली. मग काढून दिली.

ओंकारची पहिलीच भाकरी मोडली. दुसरीही मोडली. "काका, जरा तुमी बघता का? मला न्हाई जमत."

मी जन्मात भाकरी थापली नव्हती. पण कालच्या पोरांसमोर तसं कबूल करायचं? मी बाह्या सरसावल्या. भाकरी उचलून तव्यावर टाकली, ती निम्मी तव्यावर पडली आणि निम्मी मनगटाला लोंबकळत राहिली. अल्फियानं तेवढ्यात फोटो काढला. मला वाटलं, आठवण म्हणून.

मग दर रविवारी हेच. ओंकारचा हात काही सुधरेना, त्यामुळं थापायचं काम माझ्याकडंच आलं. पुढं पिठलं आलं, वांग्याचं भरीत आलं. अल्फिया स्टुलावर बसून हुकूम सोडायची, "काका, तेल कमी. काका, मीठ राहिलं." पोरं चतकोर भाकरी खाऊन हात धुवायची. दोन भाकऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. "उरल्यात. सकाळी खा, टाकू नका." मी मनात म्हणायचो, गरिबाची पोरं, भूकच मेलीय बिचाऱ्यांची. दया येऊन त्यांच्या पिठाची पाकिटंही घ्यायला लागलो.

एवढं पुण्य गाठीशी जमल्यावर माणूस गप्प बसेल का? मी गावभर सांगितलं. न्हाव्याला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, सुप्याला दिलेल्या बहिणीला फोन करून सांगितलं. सकाळी फिरायला जाताना वरच्या मजल्यावरच्या घोडके सरांना तर रोजच सांगायचो. सर निवृत्त हेडमास्तर, मुलगी लांब, घरी एकटेच. "दोन उपाशी लेकरं जेवतात माझ्याकडं, सर." सर खिशातलं बिस्कीट मोडत म्हणायचे, "पुण्याचं काम."

आणि एक दिवस फोन आला. समाजासाठी काही करणाऱ्या, स्वतःचा छोटा धंदा उभा करणाऱ्या मुलामुलींचा एक संस्था गौरव करणार होती. ओंकार आणि अल्फिया शेवटच्या तीन जोड्यांत होते. जिंकणाऱ्या जोडीला धंद्यासाठी हवी ती वस्तू, म्हणजे आमच्या दोघांना पिठाची छोटी गिरणी. "तुम्ही यायलाच हवं," पलीकडच्या बाई म्हणाल्या. "त्यांच्या कामात तुमचं स्थान फार मोठं आहे."

माझं स्थान! मी दाढी-कटिंग केली. सुषमाच्या पसंतीचा शर्ट कडक इस्त्री केला. भाषण पाठ केलं.

दारातच मला फेटा बांधला. खरं तर येईल त्याला बांधत होते, पण माझ्या ते लक्षातच आलं नाही. आमच्या जोडीची पाळी आली, तशी निवेदिका म्हणाली, "आधी काका दोन शब्द बोलतील."

मी दोनशे बोललो.

"ही लेकरं माझ्या दारात आली, तेव्हा त्यांच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. घरची हलाखी. वरून मेस बंद. मी माझ्या घासातला घास काढून यांना जगवलं."

पहिल्या रांगेतून एक भरदार मिशांचे गृहस्थ सावकाश उठले. "पाव्हणं, ह्यो कुनाचा पोरगा हाय ठावं हाय का? कर्जत रोडला माझं हॉटेल हाय. 'पोटभर जेवण' लिवलंय बोर्डावर."

त्यांच्या शेजारची बाई म्हणाली, "दर शनवारी डबा धाडते मी. उपाशी म्हनं."

सभागृह हसायला लागलं. परीक्षक बाई हसल्या नाहीत. त्यांनी मागचा पडदा दाखवला. पडद्यावर मी, मनगटाला भाकरी लोंबकळतेय. खाली अक्षरं: 'पहिला रविवार'.

"मुलांनी आम्हाला सांगितलं, की ती एकट्या राहणाऱ्या माणसांना स्वयंपाक शिकवतात," बाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणताय, तुम्हीच त्यांना जेवू घातलंत. मग यांनी केलं काय? ओंकार, खरं काय ते सांग."

ओंकारनं माझ्या फेट्याकडं पाहिलं. अल्फियाकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली.

"काका म्हनत्यात ते खरं हाय, मॅडम," तो म्हणाला. "त्यांनीच खाऊ घातलं आमाला."

गिरणी चालली होती हातातून, आणि पोरगं माझी अब्रू झाकत होतं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. हॉटेलवाल्याच्या पोराची भाकरी दर रविवारी मोडते कशी? फडक्यातल्या त्या दोन भाकऱ्या कुणासाठी उरायच्या? आणि मी शेवटचा टोस्ट कधी खाल्ला होता?

मी माईक पुन्हा ओढला. "बाई, मघाचं सगळं पुसून टाका. उपाशी मी होतो. मला मदत करतो म्हणाले असते, तर मी दार लावून घेतलं असतं. म्हणून माझ्याकडंच मदत मागत आले. आज मला भाकरी येते, पिठलं येतं, भरीत येतं. भाषण येत नाही, ते तुम्ही ऐकलंच."

मिशावाल्यांनी पहिली टाळी वाजवली. "भाकरी येती ना? मग हॉटेलात या कामाला. भाकरीवाला पळालाय माझा."

गिरणी मिळाली. परतताना अल्फिया म्हणाली, "काका, पुढचं घर घोडके सरांचं. पण आमच्यावर त्यांना संशय येईल. तुम्ही जा. आणि भाकरी मोडायची, बरं का."

मागच्या रविवारी मी सरांची बेल वाजवली. "सर, गॅस संपलाय. तुमच्याकडं भाकरी करू का? पीठ माझं आहे." तीन भाकऱ्या मोडल्या. सरांनी बाह्या सरसावल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावर सर दूधवाल्याला सांगत होते, "हाल आहेत हो बिचाऱ्याचे. काल मीच जेवू घातलं." त्यांच्या मनगटाला वाळलेलं पीठ चिकटलं होतं. मी हात जोडले.

दूधवाल्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तरी म्हनत हुतो काका," तो म्हणाला, "दुसऱ्याच्या पोरांना इतकं बी खाऊ घालू नये."