पाचच्या गाडीआधीचं नाटक

आमच्या कॉलेजात एखादा कार्यक्रम वेळेवर सुरू झाला असं कोणी सांगितलं, तर तो खुशाल थापा मारतोय असं समजावं. वीस वर्षांच्या नोकरीत हे मला पुरतं ठाऊक झालं होतं. तरीही मी स्नेहसंमेलनात एकांकिका बसवायला घेतली, म्हणजे मूर्खपणा मुळात माझाच.

झालं असं, की एका जपानी विनोदी कादंबरीचं इंग्रजी भाषांतर माझ्या हाती आलं. होस्टेलवरच्या आळशी पोरांना काळात मागे नेणारं यंत्र सापडतं. आता यांनी सम्राटांना भेटावं, डायनासोर बघावेत. तर हे बहाद्दर जातात कालच्या दुपारी, कारण एकानं दुसऱ्याचं राखून ठेवलेलं जेवण खाल्लेलं असतं. ते वाचवायला गेलेलेच तिथं भुकेपोटी ते खाऊन बसतात. मी स्टाफरूममध्ये एकटाच खिदळत होतो. मग त्याची अर्ध्या तासाची एकांकिका केली. जेवणाच्या जागी शेगावची कचोरी आली, आणि यंत्र म्हणून प्रयोगशाळेमागे पडलेला लोखंडी कूलर. त्याच्या जाळ्या काढल्या की आत एक माणूस वाकून मावायचा. एवढी मोठी मशीन अन् कचोरीसाठी वापरून राह्यले, म्हणत पोरं तालमीत लोळायची.

नाटकाचा सगळा भार होता पंचवीस वर्षं पुढून आलेल्या मुलीवर. त्या गाढवांना शहाणपण शिकवणारी ती एकटीच. ती भूमिका बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या, दुसरबीडहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीनं घेतली. तीन वर्षांत वर्गात मी तिचा आवाज ऐकला नव्हता. तालमीत मात्र ती कूलरमधून बाहेर आली, की बाकीची पोरं आपापले संवाद विसरून तिच्याकडे बघत राहायची. उन्हाळ्यात तिचं लग्न होतं. स्टेजवर उभं राहायला एवढा एकच दिवस मिळणार, हे तिनंच मला सांगितलं होतं. वडिलांची अट एकच, पाचच्या गाडीनं घरी यायचं. त्यानंतर तिच्या गावाकडे गाडी नव्हती. आमचं नाटक साडेतीनला होतं, त्यामुळे मी निर्धास्त होतो.

प्रमुख पाहुणे एकला येणार होते, आणि आलेही. पण लोणारला आलेल्या पाहुण्याला आधी सरोवर दाखवायचं, हा आमच्याकडचा रिवाज. मंडपात पोरं घामानं निथळत बसली आणि पाहुणे काठावर फोटो काढत उभे. मंडपात ते अडीचला आले. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत आणि सत्कार. पाहुण्यांचा झाला, संस्थेच्या लोकांचा झाला, मंडप देणाऱ्याचा झाला, मागच्या वर्षी चुकून राहिलेल्या एकाचाही झाला. प्रत्येकाला शाल, श्रीफळ आणि दोन शब्द. मी विंगेत दात-ओठ खात उभा होतो. या लोकांना दुसऱ्याच्या वेळेची काडीची पर्वा नाही, असं शेजारच्या शिपायाला दोनदा सांगितलं.

तेवढ्यात माइकवरून माझं नाव पुकारलं. जपानचं साहित्य आपल्या मातीत आणल्याबद्दल माझाही सत्कार. माझ्याही अंगावर शाल पडली, माझ्याही पुढे माइक आला. मी बोललो. जपानी विनोदावर बोललो, काळ या संकल्पनेवर बोललो, लोक हसले म्हणून आणखी थोडं बोललो. खाली उतरलो तेव्हा पाच वाजायला वीस मिनिटं होती.

ती चंदेरी कागदाचा पोशाख काढून, त्याची घडी करून उभी होती. नाटक कर, मग माझ्या मोटारसायकलवर सोडतो म्हटलं, तर तिनं नकारार्थी मान हलवली. लग्न ठरलेल्या मुलीनं सरांच्या गाडीवरून गावात उतरायचं म्हणजे काय, हे मलाही कळत होतं. वडिलांना फोन लावला. त्यांनी शांतपणे तेच सांगितलं, पाचच्या गाडीत बस.

मी तिच्यासोबत स्टँडवर गेलो. पाच वाजले, गाडी नाही. सव्वापाच झाले, नाही. कॉलेजचा भोंगा तिथपर्यंत ऐकू यायचा. आमचं नाटक सुरू झालं होतं. निघताना मीच ओढणी आणि संवादांचा कागद देऊन उभा केलेला एक पोरगा तिची भूमिका वाचत होता आणि मंडप खदखदून हसत होता. ती बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तो अडखळला की ती पुढचं वाक्य पुटपुटायची, आणि मग तो ते वाचायचा. एकही शब्द तिचा चुकला नाही. मला पाहुण्यांचा राग आला, सरोवराचा आला, गाडीचा आला, आणि स्वतःची तर इतकी चीड आली की खांद्यावरची शाल काढून कुठं फेकावी ते कळेना. नाटक संपलं, टाळ्या झाल्या. गाडी अजून आली नव्हती.

"सर," ती म्हणाली, "तुमचं भाषण चांगलं झालं. जपानचं मले काहीच माहीत नव्हतं."

ती हे मनापासून म्हणत होती. गाडी पावणेसहाला आली.