घेणाऱ्याचे चार टाके

आक्का गेली त्या दुपारी माझा फोन ऑफिसातल्या टेबलावर पालथा पडलेला होता. बैठक चालू होती. फोन थरथरला, मी उचलून पाहिला, शीतलचं नाव दिसलं आणि परत पालथा घातला. शीतल माझी भाची, आक्काची एकुलती लेक. गेली दोन वर्षं विंझरहून आलेला फोन मी असाच, 'मग करू' म्हणून ठेवत आलो होतो. चौथ्यांदा थरथरला तेव्हा उठून बाहेर गेलो. "मामा, आई गेली," ती म्हणाली. पलीकडे बायकांचा आवाज येत होता. मी गाडीच्या किल्लीसाठी खिसा चाचपला. तीच म्हणाली, "तुमी या सावकाश. गाडी दमानं चालवा. आता घाई करून काय..." ती रागानं बोलली नव्हती. पण नसरापूर सोडून वेल्ह्याच्या रस्त्याला लागलो तरी ते वाक्य माझ्याबरोबर होतं, आणि आज सहा आठवड्यांनीही आहे.

आक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आमचं गाव भोरजवळचं आंबवडे. आई मी सहा वर्षांचा असताना गेली, आणि तेव्हापासून माझी वेणीफणी सोडून सगळं आक्कानं केलं, असं ती स्वतःच हसून सांगायची. भोरला एका शिंप्याकडे ती काजं-बटणं करायला जायची. तिथं कापणीत उरलेले तुकडे मालक झाडून टाकायला सांगायचा. ही ते ओच्यात बांधून घरी आणायची. माझ्या शाळेच्या सदऱ्याची पाठ एका रंगाची आणि बाह्या दुसऱ्या रंगाच्या असायच्या. पोरं हसली की मी रडत घरी यायचो. आक्का म्हणायची, "रडतूस कशाला? भिक्खूंचं चीवर बी तुकडं जोडूनच शिवत्यात. त्येंना कोण हसतंय का?" मला ते पटायचं नाही, पण दुसऱ्या दिवशी मी तोच सदरा घालून जायचो.

लग्न होऊन ती विंझरला गेली. मशीनवर गावाची झंपरं शिवून तिनं घर चालवलं. पण वर्षातून एकदा ती मशीनवर चादर टाकून ठेवायची आणि फक्त हातानं शिवायची. ते शिवण बुद्ध पौर्णिमेच्या भेटींसाठी असायचं. त्या भेटींचा पायंडा तिनंच पाडला. वस्तीतली भावकीची सात-आठ घरं आणि पुण्याहून आम्ही. माघी पौर्णिमेला प्रत्येक घरानं जुन्या कपड्यांचं एक गाठोडं आक्काकडे आणून द्यायचं. विटलेली साडी, कॉलर गेलेला शर्ट, गेल्या सणाचा पिवळा पडलेला पांढरा सदरा, काहीही. ती ते सगळं फाडून, मिसळून, सगळ्यांना सारखं वाटायची. मग तांब्यात नावांच्या चिठ्ठ्या. ज्याचं नाव निघेल त्याच्यासाठी त्या तुकड्यांमधून हातानं काहीतरी शिवायचं, आणि कुणासाठी ते बोलायचं नाही. वैशाखी पौर्णिमेला विहारात वंदना झाली, खीर वाटून झाली, की पांढऱ्या कपड्यांतली सगळी माणसं आक्काच्या ओसरीवर जमायची आणि गाठोडी सुटायची. विकत आणलेलं काही चालायचं नाही. आणि एक नियम आणखी होता, तो मी दुसरीकडे कुठं पाहिला नाही. शिवणाऱ्यानं वस्तू पुरी करायची नाही. काठाची चार बोटं जागा उघडी ठेवायची, सुईदोरा तिथंच अडकवून द्यायचा. ज्याला मिळाली त्यानं तेवढे शेवटचे टाके स्वतः घालायचे. मोठी वस्तू असेल तर घरी नेऊन घातले तरी चालायचे. मी एकदा विचारलं होतं, हे कशासाठी? "दिलेलं नुसतं घ्यायचं न्हाई, बाळू," ती म्हणाली होती. "घेणाऱ्याचा बी हात लागला पायजे. न्हाईतर ते दान हुतंय, भेट न्हाई."

माझा हात शिवणात कधी बसला नाही. एका वर्षी आक्काच्या जावेची, हिराताईंची चिठ्ठी मला निघाली. त्यांना नुकताच चष्मा लागला होता म्हणून मी चष्म्याचं घर शिवायला घेतलं. आठ दिवस खपलो. ओसरीवर त्यांनी ते हातात घेतलं, फिरवून फिरवून पाहिलं आणि विचारलं, "बाळूभाऊ, चष्मा घालायचा कुठनं?" मी तिन्ही बाजू शिवून तोंडाचीही बाजू शिवून टाकली होती, आणि नियमाची उघडी जागा तेवढी, तीही बोटभरच, ठेवली होती. ओसरी हसून लोळली. हिराताई म्हणाल्या, "ह्यात चष्म्याची एक काडी जाईल फकस्त!" माझा मुलगा तेव्हा कॉलेजात होता, तो सगळ्यांत जास्त हसला. आक्कानं ते घर माझ्या हातातून घेतलं, दातानं एक दोरा तोडला, सर्रकन एक बाजू उसवली आणि हिराताईंना परत दिलं. "तोंड ठिवायचं इसरला, एवढंच. शिवण घट हाय बघा. वाकडा टाकाबी धरतो की." ती प्रेमानं बोलली. पण मी तेव्हा नुकताच अधिकारी झालो होतो, माझ्या हाताखाली माणसं होती, आणि त्या हसण्यानं मला शाळेतला दोन रंगांचा सदरा आठवला. पन्नाशीच्या माणसानं असल्या गोष्टीचा राग धरावा हे लिहितानाही लाज वाटते. पण धरला.

पुढच्या माघीला मला चिठ्ठी निघाली ती आक्काचीच. तुकड्यांचं गाठोडं मी पुण्याला नेलं आणि कपाटाखाली ढकललं. पौर्णिमेच्या चार दिवस आधी पुण्यातल्या एका प्रदर्शनात मला ठिगळांची एक पिशवी दिसली. रंगीबेरंगी, आतून अस्तर, अस्तराला छोटा खिसा. मी ती घेतली. घरी येऊन ब्लेडनं काठाची चार बोटं शिवण उसवली, तिथं सुईदोरा अडकवला. बनवणाऱ्याच्या नावाची पट्टी खिशाच्या शिवणीत धरलेली होती. ती कापताना थोडा भाग शिवणीत राहिला, तो आत दडपला. बायको बघत होती. ती म्हणाली, "ताईंना कळेल हो." मी म्हणालो, "वेळ कुठं आहे मला?" वेळ होता. प्रदर्शन बघायला होताच की.

ओसरीवर आक्कानं ती पिशवी मांडीवर घेतली. हिराताई ओरडल्या, "ह्या वक्ताला तोंड ठिवलं बाई बाळूभाऊंनी!" कुणीतरी म्हणालं, "टाकं बघा की, मशीनवर मारल्यागत!" आक्कानं पिशवी उलटी केली. आतल्या शिवणीवरून अंगठा फिरवला, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. चाळीस वर्षं शिवणावर जगलेल्या बाईचा अंगठा होता तो. मग तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी खिरीच्या वाटीत पाहत राहिलो. "हात बसला त्येचा आता," ती सगळ्यांना म्हणाली. "लई झाक शिवलीया." आणि सुई घेऊन तिनं ती चार बोटं जागा शिवून टाकली. सणाचा नियम तिनं घातला होता, आणि माझ्यासाठी त्या नियमाच्या तोंडावर ती खोटं बोलली. मला कळलं होतं की तिला कळलंय. त्याच क्षणी सांगून टाकायचं होतं... नाही सांगितलं.

त्याच्या पुढच्या वर्षी तिनं मला गोधडी दिली. चिठ्ठी निघाली की तिनं काढून घेतली, कुणास ठाऊक. सात थरांची, बारीक धावदोऱ्याची. तीन महिने ती वाकून बसली असणार. काठाला चार बोटं जागा उघडी आणि सुई टोचलेली. "घरी जाऊन निवांत घाल टाके," ती म्हणाली. "एकटा बसून घाल. घाई करू नगंस." मी मान हलवली. पुण्याला आलो आणि गोधडी, तिच्या प्लॅस्टिकच्या पिशवीसकट, माळ्यावर टाकली. मला ती डोळ्यांसमोर नको होती. तिच्याकडे पाहिलं की ओसरीवरचा तो अंगठा आठवायचा. त्यानंतर दर फोनला आक्का तब्येतीचं, पोराचं विचारून झालं की विचारायची, "टाके घातलेस का रे?" मी म्हणायचो, घालतो. हळूहळू मी फोनच टाळायला लागलो. गेल्या पौर्णिमेला कामाचं कारण सांगून गेलोही नाही.

शेवटची भेट नसरापूरच्या एका दवाखान्यात झाली, माघ लागण्याआधी. तिच्या हृदयाचं दुखणं वाढलं होतं. खाटेच्या कडेला सलाईनच्या दांडीला ती ठिगळांची पिशवी अडकवलेली होती, तिच्यात तिचे रिपोर्ट. मी पिशवीकडे नीट पाहिलंही नाही. तिचा हात हातात घेतला, तो गार होता. माझ्याकडे बघत ती म्हणाली, "टाके घातलेस का?"

"घातले की आक्का. केव्हाच."

ती थोडा वेळ थांबली. माझ्या तोंडावर काहीतरी शोधल्यासारखं तिनं पाहिलं... मी आणखी काहीतरी बोलेन याची ती वाट बघत होती, हे मला आज कळतं. मग तिनं डोळे मिटले. "बरं," म्हणाली. "पांघरतूस न्हवं?" मी हो म्हणालो. माझं आणि तिचं शेवटचं बोलणं हे असं, दोन खोट्यांचं.

आक्का गेल्यानंतरच्या जलदान विधीच्या दिवशी सगळं आटोपल्यावर शीतलनं ती पिशवी माझ्यापुढे ठेवली. "मामा, ही तुमीच ठेवा." मी ती हातात घेतली आणि पहिल्यांदाच नीट पाहिली. ठिगळं तीच होती, पण मधे एक निळा तुकडा होता, तो त्या प्रदर्शनातल्या पिशवीत नव्हता. माझ्याच जुन्या शर्टाचा होता तो, मी गाठोड्यात दिलेला. मी पिशवी उलटी केली. मशीनचा एकही टाका नव्हता. सगळा धावदोरा, हाताचा. आतला खिसाही नव्हता.

"तुमाला ठावं न्हाई?" शीतल म्हणाली. "त्या पुनवंच्या दुसऱ्याच दिशी आईनं ही सगळी उसवली. म्या म्हनलं, चांगल्या पिशवीचं वाटुळं का करतीस? तर म्हनली, बाळूला येळ मिळाला न्हाई, त्येच्या वाटचं म्या करती. वाटणीतलं कापड लावून नव्यानं शिवली तिनं. आन मला म्हनली, मामाला इचारू नगंस, मान खाली घालंल." मी विचारलं, खिसा कुठं गेला? "काय की. काढून ठिवला व्हता तिनं. म्हनली, तो दुसरीकडं लावायचाय."

मी त्या संध्याकाळी पुण्याला परतलो आणि माळ्यावर चढलो. गोधडी होती तशीच होती. सुई गंजून कापडात रुतली होती, तिच्याभोवती तांबूस डाग पडला होता. उघडी जागा मी दोन बोटांनी फाकवली. आत, अगदी काठाशी, शिवायला बसणाऱ्याला दिसल्याशिवाय राहणार नाही अशा जागी, तो खिसा टाचलेला होता. त्याच्या शिवणीत माझ्याकडून कापायची राहिलेली पट्टी, अर्धवट नावाची. बाकी काही नाही. खिशात चिठ्ठी नव्हती, शब्द नव्हता. ज्यानं ते कापलं त्यालाच कळावं, एकट्याला, चारचौघांत नाही, एवढीच सोय तिनं केली होती. मी टाके घालायला बसलो असतो तर त्याच दिवशी मला कळलं असतं की तिला सगळं ठाऊक आहे, आणि ती रागावलेली नाही. मी फोन उचलून म्हणालो असतो, आक्का, चुकलो. ती हसली असती. दोन वर्षं ती टाक्यांचं विचारत नव्हती, त्या फोनची वाट बघत होती. आणि दवाखान्यात "घातले" म्हणालो तेव्हा, घातले असते तर मी काय बोललो असतो हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती थांबली. म्हणून म्हणाली, "बरं."

परवा शीतलचा फोन आला. मी पहिल्या रिंगला उचलला. "मामा, औंदा आई आजारी व्हती म्हून चिठ्ठ्या टाकल्याच न्हाईत. आता टाकायच्या का? लोक इचारत्यात." मी म्हणालो, टाका. माझंही नाव टाका. वैशाखी पौर्णिमेला मी ती पिशवी आणि ती गोधडी घेऊन विंझरला जाणार आहे. ओसरीवर, हिराताईंच्या, सगळ्यांच्या पुढ्यात, कुठली वस्तू कुठून आली होती ते सांगणार आहे. इथं लिहिलं ते आधी लिहिलं, तिथं गप्प बसलो तर निदान हे असावं म्हणून.

गोधडी सध्या माझ्या खुर्चीच्या पाठीवर असते. गंजलेली सुई काढायचं धाडस झालं नाही, शेजारी नवी टोचून ठेवलीय. रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की ती जागा मांडीवर घेऊन बसतो. टाके घातले की तो खिसा कायमचा आत जाईल, मग पुन्हा दिसणार नाही. दोरा ओवतो, गाठ मारतो, आणि हात थांबतो. तेवढ्यात ती नेहमीसारखी, पोराची चौकशी करून झाली की विचारावं तशी, विचारते. आता मी खरं सांगतो.

नाही घातले, आक्का. अजून नाही घातले.