पत्र्याला वारा घालणारा पंखा

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने मला फसवलं. परळीत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. घरोघरी रंगीत टीव्ही यायला लागले तसे रेडिओ कमी झाले, आणि दाजींना रिकामपणी कल्पना सुचली: अंगाची ऊब ओळखून माणसाकडे वळणारा पंखा.

सिरसाळ्यातल्या माझ्या पत्र्याच्या कापडदुकानात आम्ही तो बनवला. जुन्या पंख्याला दोन बाजूंना उष्णता ओळखणारे सेन्सर लावले, खाली मोटर बसवली. माघातल्या थंडीत मी सरकेन तिकडे तो मान वळवी. गिऱ्हाइकं कापड सोडून त्यालाच बघत.

मेहनतीबद्दल दाजींनी माझा नवाकोरा टेबलफॅन मागितला. घासाघीस करून मी भल्याभल्या व्यापाऱ्यांना रडवलंय, पण घरच्या जावयाशी भाव करायचा नसतो. दिला.

वैशाखात पंख्याने माझ्याकडे पाठ फिरवली आणि तापलेल्या पत्र्याच्या भिंतीला वारा घालू लागला. मी घामाघूम होऊन परळी गाठली. दाजी माझ्याच फॅनपुढे पहुडले होते.

"दाजी, पंखा भिंतीकडं का म्हून बघतोय?"

"भिंत तुमच्यापेक्षा गरम हाय. तुमी लई तापता म्हणत्यात, पण पत्र्यापुढं कमी पडलात!"

"मग माझा फॅन द्या वापस."

आतून बहीण म्हणाली, "जावयाला दिलेलं परत मागतोस व्हय, दादा?"

मी रिकाम्या हाताने परतलो. आमच्याकडे उन्हाळ्यात पत्रा तापतो, हे दाजींना माघात माहीत नव्हतं का? फॅन त्यांनी खुशाल ठेवावा, पण याचं उत्तर मला चारचौघांत द्यावं.